फिनिअस गेज : पहार डोक्यातून आरपार गेली, मेंदूचे कोणते रस्ते तुटले?

डोक्याला मार बसलेला माणूस वाचतो, चालू-बोलू लागतो. पण घरच्यांना तो पूर्वीचा वाटत नाही. वैद्यकशास्त्रात याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतला रेल्वे मुकादम फिनिअस गेज.

त्याचा जन्म १८२३ चा. १३ सप्टेंबर १८४८ रोजी व्हरमाँटमधील कॅव्हेंडिशजवळ तो खडकात सुरुंगाची दारू ठासत होता. अचानक भडका उडाला आणि साडेतीन फुटांहून लांब, सहा किलोची पहार डाव्या गालातून शिरून कवटी फोडून वर निघाली. काही मिनिटांतच गेज बोलू लागला आणि बैलगाडीत बसून मुक्कामी गेला! डावा डोळा कायमचा गेला. डॉ. जॉन हार्लो यांच्या उपचारांनंतर अडीच महिन्यांनी तो घरी परतला.

शिस्तीचा मुकादम आता हेकट, चंचल आणि शिवराळ झाल्याची नोंद हार्लो यांनी केली. जुनी जागा त्याला परत मिळाली नाही. पुढे पाठ्यपुस्तकांनी त्याला थेट वाया गेलेला ठरवले. हे अन्यायाचेच. कारण १८५२ मध्ये तो चिलीला गेला आणि तिथे अनेक वर्षे घोडागाडी हाकत होता, कधी कधी सहा घोड्यांची. हे बेताल माणसाचे काम नव्हे. अखेर त्याला फिट येऊ लागल्या आणि मे १८६० मध्ये ३६ व्या वर्षी तो गेला.

मेंदू जपला गेला नाही. कवटी आणि पहार हार्वर्डच्या संग्रहालयात आहेत.

इथे डिफ्युजन इमेजिंग कामी आले. कळंबकडच्या कपाशीच्या शेतात पाणी सरीतून सहज जाते, सरी ओलांडून नाही. मेंदूतही पाण्याचे रेणू चेतातंतूंच्या दिशेने जास्त सरकतात. एमआरआय ही हालचाल टिपतो आणि त्यावरून तंतूंच्या मार्गांचा नकाशा काढता येतो. मेंदूतील गाठीच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टर असा नकाशा पाहतात. स्किझोफ्रेनिया, नैराश्य यांच्या संशोधनातही तो वापरतात. मात्र एखाद्या रुग्णाचे मानसिक निदान केवळ त्यावरून होत नाही.

२०१२ मध्ये संशोधकांनी गेजच्या कवटीच्या सीटी स्कॅनवर ११० निरोगी पुरुषांच्या मेंदूंचे नकाशे बसवून पहारीचा मार्ग तपासला. अंदाज निघाला तो असा : मेंदूच्या बाह्य थराचे नुकसान सुमारे ४ टक्के, तर जोडणाऱ्या तंतूंचे सुमारे ११ टक्के. म्हणजे जखम डाव्या पुढच्या भागात असली, तरी त्या भागाचा इतरांशी असलेला संपर्कही तुटला होता.

अर्थात हे नकाशे दुसऱ्यांच्या मेंदूंचे. चिलीतल्या वर्षांत गेजच्या उरलेल्या तंतूंनी कसे जुळवून घेतले, हे कोणताच स्कॅन आता दाखवू शकत नाही.