रक्त पाहून माघारी फिरलेला फुको

मेडिकलच्या प्रत्येक तुकडीत, पहिल्यांदा शस्त्रक्रिया बघताना कुणीतरी चक्कर येऊन पडतंच. रक्त दिसताच नाडी मंदावते, रक्तदाब घसरतो. भित्रेपणाशी त्याचा संबंध नाही. १८१९ मध्ये पॅरिसला जन्मलेल्या लिऑन फुकोला रक्त बघवेना, म्हणून त्याने डॉक्टरकी अर्ध्यावर सोडली. लहानपणी प्रकृती नाजूक, शिक्षण बरंचसं घरीच. हात मात्र कसबी. मग डॉ. आल्फ्रेड दोने यांच्या सूक्ष्मदर्शकाच्या वर्गात तो मदतनीस झाला. काचेखालच्या रक्तपेशींची छायाचित्रं काढताना त्याला काही त्रास झाला नसावा!

तेव्हा वाद होता, प्रकाश कणांचा की लहरींचा? कण असतील तर पाण्यात वेग वाढायला हवा, लहरी असतील तर घटायला. फिरत्या आरशाने हे तपासण्याची कल्पना आरागो या ज्येष्ठ शास्त्रज्ञाची. पण त्याची दृष्टी अधू झालेली. १८५० मध्ये फुकोने दाखवलं, पाण्यात वेग घटतो. पुढच्याच वर्षी घराच्या तळघरात लंबक टांगून त्याने पृथ्वीचं फिरणंही दाखवलं. जगभर नाव झालं ते त्यामुळे, पण मला मोठं वाटतं ते १८६२ चं काम.

किरण फिरत्या आरशावरून निघून स्थिर आरशांकडे जातो आणि परततो. तेवढ्यात फिरता आरसा किंचित वळतो, त्यामुळे परतलेला किरण जरा बाजूला पडतो. ते सरकणं मोजलं की वेग कळतो. फुकोचा आरसा सेकंदाला ४०० वेळा फिरे. पाच आरशांत घडी घातलेली किरणाची वाट २० मीटरची, म्हणजे आमच्या वैरागमधल्या शाळेच्या व्हरांड्यातही मावेल अशी! ठिपका सरकला जेमतेम ०.७ मिलिमीटर. उत्तर निघालं सेकंदाला २,९८,००० किलोमीटर. आजचा आकडा आहे २,९९,७९२.

लेझर आणि वेगवान मोटर जमवून हा प्रयोग घरीही करून बघता येतो. मोटर जितकी संथ, तितकी वाट लांब लागते. मात्र फुकोसारखा भिंगाला डोळा लावू नका. लेझरने दृष्टिपटल कायमचं जळू शकतं. ठिपका भिंतीवर पाडून किंवा कॅमेऱ्यातून बघावा. आरसा फिरताना किरण खोलीभर फिरतो, त्यामुळे पोरांना समोर उभं करू नये.

१८६७ मध्ये फुकोच्या हातांतली ताकद जाऊ लागली, मग वाचा आणि दृष्टीही. ११ फेब्रुवारी १८६८ ला, ४८ व्या वर्षी तो गेला. लक्षणं वाचून आज मल्टिपल स्क्लेरोसिसची शंका येते. त्या आजाराचं सविस्तर वर्णन शार्को या डॉक्टरने केलं ते त्याच वर्षी, पॅरिसमध्येच.