दुष्काळात भुकेल्यांची माउली : सावित्रीबाई फुले

बारामती तालुक्यातील सुपे गावच्या बाजारात १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांच्या असंतोषाचा भडका उडाला. सावकारांवर चाल करून त्यांनी कर्जरोखे हिसकावले आणि नष्ट केले. तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातून हे लोण इंदापूर, पुरंदरपर्यंत पोहोचले. पुढच्याच वर्षी पावसाने पाठ फिरविली आणि कर्जात रुतलेल्या या मुलखावर महादुष्काळ कोसळला.

या संकटात पुणे जिल्ह्यातील भुकेल्यांसाठी पदर खोचून उभ्या राहिल्या त्या सावित्रीबाई फुले. ३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे त्यांचा जन्म झाला. १८४८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुलींच्या शाळेमुळे त्या सर्वांना ठाऊक आहेत. मात्र त्यांचे दुष्काळातील कार्य तुलनेने उपेक्षितच राहिले.

महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आता गावोगावी मदतीसाठी फिरू लागले. सरकारी दुष्काळी कामांवरील मजुरी १८७७ च्या आरंभी घटविण्यात आली होती. त्यामुळे या मदतीचे मोल अधिकच वाढले. समाजाने वर्गणी व धान्य जमवून अन्नछत्रे चालविली. धनकवडी येथे मुलांसाठी बालाश्रम उघडण्यात आला.

एप्रिल १८७७ मध्ये सावित्रीबाई जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे होत्या. गावे ओस पडत होती. माणसे विषारी फळे खाऊन दिवस काढीत होती. सावकारांशी संघर्ष पेटल्यानंतर सत्यशोधक कार्यकर्त्यांची धरपकड झाली. सावित्रीबाईंनी कलेक्टरसमोर निर्भीडपणे बाजू मांडली आणि कार्यकर्त्यांची सुटका झाली. २० एप्रिल रोजी जोतीरावांना धाडलेल्या पत्रात त्यांनी हा सारा वृत्तान्त कळविला.

जोतीरावांच्या निधनानंतर, १८९३ मध्ये सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

त्याच दुष्काळातील कामातून आकारास आलेल्या नीरा डाव्या कालव्याचे पाणी पुढे बारामती, इंदापूरच्या शिवारात खेळले. परंतु पाणी येण्यापूर्वी माणूस जगवावा लागतो. ते काम एकमेकांच्या मुठीतल्या धान्याने झाले, ही सावित्रीबाईंच्या चरित्रातील शिकवण आजही विसरता येणार नाही.