कुरुमानचा पाट

रेव्हरंड रॉबर्ट मोफट (१७९५–१८८३) ह्यांस आम्ही सेत्स्वाना बायबलाचे भाषांतरकार व डॉ. लिव्हिंग्स्टन ह्यांचे सासरे म्हणून ओळखतो. परंतु हे स्कॉटिश गृहस्थ मूळचे माळी होते. दक्षिण आफ्रिकेतील कुरुमानच्या परिसरात पर्जन्य फार थोडे. नदीवरून कित्येक मैलांचा पाट मिशनच्या मळ्यात आणलेला. तो आसपासच्या स्त्रिया फोडीत व पाणी आपल्या शेतांकडे वळवीत. मोफटसाहेब फावडे घेऊन तो पुन्हा बांधावयास जात. आम्हांस त्या स्त्रियांस दोष देववत नाही. त्यांचीही पिके करपतच होती. सन १८२४ मध्ये ठाणे मोठ्या झऱ्याखालील खोऱ्यात हलविले व तेथे नवा पाट खणला. बायबल १८५७ त पुरे झाले; तत्पूर्वीच गावकरी स्वतःचे पाट काढून गहू व बटाटे पिकवू लागले होते.