डॉक्टरीणबाईंचे यजमान

आपल्या भाषेत एक गंमत आहे. मास्तरांची बायको ती मास्तरीणबाई, पाटलांची ती पाटलीणबाई, आणि डॉक्टरांची बायको, मग ती भले दहावी नापास का असेना, गावात डॉक्टरीणबाई! तिला दुकानात उधारी मिळते आणि लग्नात पुढची खुर्ची. पण उलटं असेल तर? बायको डॉक्टर असली तर नवऱ्याला काय म्हणायचं? शब्दच नाही. आपल्या हॉस्टेलवर मेडिकलची मुलगी पटवायची स्वप्नं बघणारे बरेच आहेत, त्यांनी याचा विचार करून ठेवावा.

हा प्रश्न महाराष्ट्रात ज्याला सगळ्यात आधी पडला, तो माणूस मूळचा आपल्याच जिल्ह्यातल्या संगमनेरचा. गोपाळ विनायक जोशी. 'आनंदी गोपाळ' मधला गोपाळ. 2019 चा सिनेमा तर सगळ्यांनी कॉमन रूममध्ये नाहीतर लॅपटॉपवर पाहिलाच असेल. सिनेमातला गोपाळराव चिडका असला तरी शेवटी आपल्याला आवडतो. खरा गोपाळराव इतका सोपा नव्हता.

गोपाळराव पोस्टात कारकून. पहिली बायको वारलेली. कल्याणच्या गणपतराव जोशींची मुलगी यमुना त्यांना सांगून आली तेव्हा त्यांनी अट घातली, की लग्नानंतर मी हिला शिकवणार, कोणी आडवं यायचं नाही. हुंडा, मानपान यावरून लग्नं मोडायच्या काळात ही अट! 31 मार्च 1874 ला लग्न झालं. त्या दिवशी यमुनेला बरोबर नऊ वर्षं पूर्ण झाली होती आणि गोपाळराव तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. सासरी तिचं नाव आनंदी ठेवलं.

मग शिकवणं सुरू झालं. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता... पोस्टाची बदली होईल तिथे संसार आणि पुस्तकं घेऊन जायचं. मुंबईत ती मिशनच्या शाळेत चालत जायची तेव्हा लोक रस्त्यात थांबून टिंगल करायचे. गोपाळरावांनी लोकांची पर्वा कधीच केली नाही, हे त्यांच्याबद्दल मान्य करायलाच पाहिजे. पण ते मारायचे. दुसऱ्यांच्या बायका स्वयंपाक केला नाही म्हणून मार खायच्या, आनंदीबाई अभ्यास सोडून स्वयंपाकघरात रमल्या म्हणून मार खायच्या, असं कौतुकाने सांगितलं जातं आणि भाषणात त्यावर लोक हसतात पण. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. लाकडाचा मार, अंगावर फेकलेली पुस्तकं आणि खुर्च्या, सोडून जाण्याची धमकी, हे सगळं आनंदीबाईंनी स्वतः पुढे अमेरिकेतून नवऱ्याला पत्रात लिहिलंय. दहा-बारा वर्षांच्या मुलीला हे योग्य होतं का, असं त्यांनी सरळ विचारलंय. आणि त्याच पत्रव्यवहारात माझं जे काही शिक्षण झालं ते तुमच्यामुळे, असंही त्या मान्य करतात. दोन्ही गोष्टी एकाच बाईने एकाच माणसाला लिहिल्या आहेत. आपण मात्र त्यातली एक निवडतो आणि पुतळा तरी उभारतो नाहीतर शिव्या तरी देतो.

आनंदीबाई चौदा वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. डॉक्टर व्हायचं हे त्यानंतर पक्कं झालं. त्याच सुमाराला, म्हणजे 1878 मध्ये, गोपाळरावांनी कोल्हापुरातून अमेरिकेतल्या वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. मला तिकडे नोकरी मिळेल का, बायकोला शिकायचंय. वाइल्डरनी ते पत्र आपल्या मासिकात छापलं आणि उत्तर दिलं की आधी ख्रिस्ती व्हा. झालं, विषय संपला असता! पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. तिथे पडलेला जुना अंक त्यांनी चाळला आणि त्यांना ही बाई कोण असेल असं वाटलं. 1880 मध्ये त्यांनी पत्र पाठवलं. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायला लागल्या. डेंटिस्टच्या वेटिंग रूममधली जुनी मासिकं कधी कधी उपयोगी पडतात ती अशी.

पैसा नव्हता आणि संगमनेरच्या घरची जबाबदारी पण होती, त्यामुळे दोघांनी जाणं जमेना. तेव्हा गोपाळरावांनी अठरा वर्षांच्या बायकोला एकटीला पाठवायचं ठरवलं. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला असं मानणारा तो काळ! जाण्याआधी आनंदीबाईंनी 24 फेब्रुवारी 1883 ला सेरामपूर कॉलेजच्या हॉलमध्ये इंग्लिशमधून भाषण केलं आणि मी हिंदू म्हणून जाणार, हिंदू म्हणूनच परत येणार असं सांगितलं. 7 एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली, 4 जूनला न्यूयॉर्क. ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला अॅडमिशन आणि तीन वर्षांसाठी सहाशे डॉलर्सची स्कॉलरशिप.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो, कारण इथे गोपाळरावांचं सगळं बिघडलं. तोपर्यंत ते मास्तर होते आणि ती विद्यार्थिनी. आता ती अॅनाटॉमी शिकत होती, डिसेक्शन करत होती, आणि ते सेरामपूरला पोस्टात शिक्के मारत होते. तिकडच्या थंडीत नऊवारीने पाय उघडे राहतात म्हणून ती गुजराती पद्धतीची साडी नेसायला लागली, तर त्याचाही खुलासा इकडे करावा लागला. ती बदलली का, बाटली का, मला विसरली का, अशा शंका त्यांच्या पत्रांत येत राहिल्या. ज्या माणसाने तिला मारून मारून शिकवलं त्यालाच ती शिकली याची भीती वाटायला लागली होती! तिची तब्येत मात्र त्याच थंडीत खालावत चालली होती.

शेवटी गोपाळराव नोकरी सोडून स्वतःच निघाले. चीन, जपान करत सॅन फ्रान्सिस्कोला उतरले आणि गावोगाव भाषणं देत 1885 मध्ये बायकोकडे पोचले. भाषणं कसली, तर अमेरिकन लोक कसे वाईट, मिशनरी कसे लबाड, तुमची संस्कृती कशी पोकळ! ज्यांच्या मदतीवर बायको शिकत होती त्यांनाच. आनंदीबाईंची किती पंचाईत झाली असेल बघा. तिथे सगळे त्यांना मिसेस जोशींचे मिस्टर म्हणून ओळखत होते. आयुष्यभर जे हवं होतं ते मिळालं, पण त्या ओळखीत त्यांना राहता आलं नाही, असं आपलं माझं मत.

11 मार्च 1886 ला आनंदीबाई एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या आणि गोपाळराव पण हजर होते. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या वॉर्डाची नेमणूक दिली. पण क्षय आधीच धरलेला होता. नोव्हेंबरमध्ये दोघं मुंबईत उतरले, तिथून पुणे, औषधोपचार, आणि 26 फेब्रुवारी 1887 ला सगळं संपलं. एकविसाव्या वर्षी. कोल्हापूरच्या त्या वॉर्डात त्या एक दिवस पण बसल्या नाहीत.

हिशोब केला तर गोपाळराव डॉक्टर बाईचे नवरे होते 352 दिवस. त्यातला बराचसा काळ बोटीवर आणि आजारपणात गेला.

नंतरही ते गप्प बसले नाहीत. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे अशा मोठमोठ्या लोकांना बोलावून त्यांच्यापुढे पाद्र्यांच्या हातचा चहा-बिस्कीट ठेवलं आणि मग हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' मध्ये छापून आणली. ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. पुढे स्वतः ख्रिस्ती झाले, आणि थोड्याच दिवसांत प्रायश्चित्त घेऊन परत पण आले.

आनंदीबाईंची राख मात्र त्यांनी संगमनेरला नेली नाही. ती त्यांनी मिसेस कार्पेंटरना अमेरिकेला पाठवली. न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सी नावाच्या गावाच्या स्मशानभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ती पुरली आहे. दगडावर नाव आहे आनंदीबाई जोशी, आणि पुढे एम.डी.