रागाच्या तळाशी काय असतं? बाबासाहेबांनी ते ओळखलं होतं

ठाणे, कळवा, कल्याण, डोंबिवलीतल्या आपल्या तरुण कार्यकर्त्यांशी बोलताना एक शब्द सारखा ऐकू येतो: राग. आडनाव ऐकून घर भाड्याने नाकारलं, राग. ऑफिसात आरक्षणावरून टोमणा, राग. घरात वडील आजारी, तरी रागच. राग खोटा नाही. पण त्याच्या तळाशी अपमान, भीती, दुःख, एकटेपण असं बरंच काही दबलेलं असतं. ते ओळखायचं कसं, हे बाबासाहेबांच्या आयुष्यातून शिकता येतं.

1901 साली लहानगा भीमराव मोठा भाऊ आणि भाच्यांसोबत वडिलांना भेटायला सातारा जिल्ह्यातल्या गोरेगावला निघाला. मसूर स्टेशनवर जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. दुप्पट भाडं देऊनही बैलगाडी मुलांनाच हाकावी लागली, गाडीवान बाजूने चालत राहिला. जवळ जेवण होतं, पण रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. शाळेत वेगळं गोणपाटावर बसणं भीमरावाला आधीपासून माहीत होतं, ते अंगवळणी पडलं होतं. या प्रवासाने मात्र मनाला धक्का बसला आणि तो विचार करू लागला. पुढे आठवणी लिहिताना बाबासाहेबांनी हा फरक नेमका नोंदवला. सवय झालेली वेदना वेदना म्हणून ओळखणं, ही पहिली पायरी.

1917 मध्ये ते परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीसाठी आले. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन जमाव आला आणि त्यांना जागा सोडायला लावली. दोन मित्रांकडे आसरा मागितला, दोघांनीही टाळलं. मुंबईच्या गाडीला वेळ होता, म्हणून ते कामाठी बागेत जाऊन बसले. त्या वेळच्या मनःस्थितीबद्दल त्यांनी फक्त संताप लिहिलेला नाही. मन सुन्न होतं, दुःख होतं आणि पोरक्या मुलासारखी आईवडिलांची आठवण येत होती, हेही त्यांनी लिहिलं. अठरा वर्षांनंतरही ती आठवण डोळ्यांत पाणी आणते, हे लपवलं नाही. कोलंबियात शिकलेल्या माणसाला हे सांगताना कमीपणा वाटला नाही.

जुलै 1926 मध्ये लाडका राजरत्न गेला. त्याआधीही मुलं गमावली होती. मित्र दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी सावरल्याचं सोंग केलं नाही, आपण खचलो आहोत हे सरळ कळवलं. त्यानंतर आठ महिन्यांनी, 20 मार्च 1927 रोजी, ते महाडच्या चवदार तळ्यावर होते. दुःखाला नाव दिलं म्हणून लढा थांबला नाही.

27 मे 1935 रोजी रमाई गेल्या. बाबासाहेब धाय मोकलून रडले. पुढे पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ त्यांनी रमाईच्या स्मृतीला अर्पण केला आणि हालअपेष्टांच्या दिवसांत तिने शांतपणे दिलेल्या साथीची नोंद केली. कृतज्ञता हीसुद्धा नाव देऊन सांगायची भावना आहे.

1956 मध्ये त्यांनी आपल्याला ज्या धम्माची वाट दाखवली, त्यात हीच शिस्त आहे. सतिपट्ठानात वेदना आणि चित्त यांचं निरीक्षण सांगितलं आहे: चित्तात द्वेष असेल तर तो आहे हे जाणा, नसेल तर नाही हे जाणा. आधी जाणायचं, मग वागायचं.

आपल्याकडे हे उलट होतं. मोर्चातला राग घरी बायकोवर, बहिणीवर निघतो, नाहीतर दारूत बुडतो. चांगले कार्यकर्ते असेच तुटतात. म्हणून विहारातल्या रविवारच्या बैठकीत कार्यक्रमाची आखणी झाल्यावर दहा मिनिटं काढा. प्रत्येकाने या आठवड्यात काय वाटलं ते एका शब्दात सांगावं. राग म्हणाल, तर त्याच्या तळाशी काय आहे तेही शोधा. अपमान असेल तर तक्रार करू, दुःख असेल तर सोबत बसू, भीती असेल तर दोघं मिळून जाऊ. नाव कळलं की उपाय वेगळा होतो.

यात अन्याय गिळून शांत बसायला कोणी सांगत नाही. बाबासाहेब रडले आणि लढलेही. आपण त्यांच्याकडून दोन्ही शिकायला हवं.

नमो बुद्धाय, जय भीम!