उद्यमपुरुष कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

पुणे–मिरज लोहमार्गाने औदुंबर, नृसिंहवाडी, कोल्हापूर अथवा पंढरपूर या तीर्थक्षेत्रांकडे जाणाऱ्या भाविकांना वाटेत ताकारी आणि भिलवडी या स्थानकांच्या दरम्यान किर्लोस्करवाडी हे स्थानक लागते. एका कुटुंबाच्या आडनावाने ओळखले जाणारे हे गाव कोणी व कसे वसविले, याविषयी अनेक यात्रेकरूंच्या मनात कुतूहल असते. या गावाची कथा म्हणजेच कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांची जीवनकथा होय. आपल्या दक्षिण महाराष्ट्राच्या जडणघडणीत त्यांचा वाटा मोठा असल्याने भाविकांच्या माहितीसाठी त्यांचा अल्प परिचय येथे देत आहोत.

जन्म व शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म दि. २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणरावांना बालपणापासून दोनच गोष्टींची ओढ होती. एक चित्रकला आणि दुसरी यंत्रे. शालेय अभ्यासात त्यांचे मन रमेना. वडिलांच्या मनाविरुद्ध ते मुंबईस गेले आणि १८८५ साली त्यांनी सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. दोन वर्षांनंतर मात्र एक कटू सत्य त्यांच्या ध्यानी आले. त्यांच्या दृष्टीस काही रंगांतील भेद नीट कळत नव्हता. चित्रकार होण्याचे स्वप्न तेथेच संपले.

दुसरा एखादा तरुण अशा वेळी खचला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यंत्रांचे आराखडे काढण्यास रंगांची गरज नसते, हे ओळखून त्यांनी ते शास्त्र आत्मसात केले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत ते याच विषयाचे शिक्षक झाले. यंत्रशाळेतील प्रत्येक यंत्र उघडून, जोडून, चालवून पाहण्याचा छंद त्यांना तेथे जडला. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. तेव्हा त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि परक्याची चाकरी पुन्हा न करण्याचा निश्चय करून ते बेळगावास परतले.

बेळगावातील दुकान

बेळगावात त्यांचे वडीलबंधू रामूअण्णा यांच्यासह १८८८ साली सायकलींचे दुकान सुरू झालेले होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा त्या विकीत. एवढेच नव्हे, तर गिऱ्हाइकास सायकल चालविण्यासही शिकवीत. त्या काळी ही वस्तू श्रीमंतांच्या हौसेची होती. लक्ष्मणराव बेळगावास आल्यावर मात्र त्यांची दृष्टी शेतकऱ्याच्या अंगणाकडे वळली.

ज्वारीचा अखंड कडबा जनावरांपुढे टाकला की ती पाने खातात आणि जाड ताटे तशीच पायदळी जातात. दुष्काळी मुलुखात अशी वैरण वाया जाणे शेतकऱ्यास परवडणारे नव्हते. लक्ष्मणरावांनी कडबा बारीक कापणारे यंत्र बनविले. तेच त्यांच्या कारखानदारीचे पहिले महत्त्वाचे पाऊल ठरले. सायकली व अन्य तयार माल विकणारे दुकान आता स्वतः माल घडवू लागले.

न विकल्या गेलेल्या नांगरांची कसोटी

त्यानंतर त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला. लाकडी नांगर जमीन केवळ ओरखडतो. लोखंडी नांगर मातीचा थर उचलून उलथा करतो, त्यामुळे हराळी, कुंदा यांसारख्या तणांची खोलवर गेलेली मुळे वर येऊन उन्हाने वाळतात. परंतु विदेशी बनावटीचे नांगर महाग होते आणि सामान्य शेतकऱ्यास ते ठाऊकही नव्हते. लक्ष्मणरावांनी आपल्या कारखान्यात नांगर ओतले, घडविले आणि विक्रीस ठेवले. ते घ्यावयास कोणीही येईना. लोखंडाच्या स्पर्शाने काळी आई विषारी होते, अशी त्या वेळी शेतकऱ्यांची दृढ समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

या दोन वर्षांचे मोल भाविकांनी जरूर जाणून घ्यावे. भांडवल अडकून पडलेले, कामगारांचे पगार चुकवावयाचे आणि घडविलेला माल डोळ्यांसमोर पडून राहिलेला, अशी ती स्थिती होती. तरीही लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यास अडाणी म्हणून हिणविले नाही. ज्याचे वर्षाचे अन्न एका पिकावर अवलंबून आहे, तो नव्या वस्तूस भिणारच, हे त्यांनी समजून घेतले. त्याच्या शंकेचे उत्तर युक्तिवादाने देता येत नाही. ते शेतातील पिकानेच द्यावे लागते. ज्यांनी धाडस करून नांगर वापरला, त्यांची शेते हीच त्यांची जाहिरात झाली आणि हळूहळू मागणी वाढू लागली.

बेघर झालेला कारखाना

नांगराचा धंदा मार्गी लागत असतानाच नवे संकट कोसळले. बेळगाव नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा रिकामी करण्याची आज्ञा दिली. यंत्रे, भट्टी आणि माणसे घेऊन कोठे जावयाचे, हा प्रश्न उभा राहिला. अशा समयी औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या साह्यास धावून आले. श्रीमंत स्वतः चित्रकार व कलेचे मर्मज्ञ होते आणि लक्ष्मणरावांची कर्तबगारी ते जाणून होते. त्यांनी कुंडल रोड स्थानकानजीक ३२ एकर जागा आणि दहा हजार रुपयांचे कर्ज देऊ केले.

जागा मिळाली, पण ती ओसाड माळरानाची. सर्वत्र निवडुंग माजलेला, सापांचा वावर, पाण्याची वानवा. सन १९१० मध्ये लक्ष्मणराव, त्यांच्या पत्नी राधाबाई, बंधू रामूअण्णा आणि मूठभर सहकारी यांनी तेथे संसार मांडला. निवडुंग तोडून कारखाना उभारला आणि राहण्यासाठी घरे बांधली. हीच किर्लोस्करवाडी. कारखान्याभोवती कामगारांसाठी वसविलेले असे गाव त्या काळी आपल्या देशात विरळाच होते.

माणसांची पारख

लक्ष्मणरावांनी ज्यांच्या हाती कारखाना सोपविला, त्यांच्याजवळ मोठ्या पदव्या नव्हत्या. शंभोराव जांभेकर यंत्रांची बाजू सांभाळीत, मंगेशराव रेगे हिशेब पाहत, अनंतराव फळणीकर यांचे शिक्षण अर्धवट सुटलेले आणि के. के. कुलकर्णी परीक्षेत अपयश आलेले. जगाने ज्यांना निरुपयोगी ठरविले, त्यांच्यातील गुण लक्ष्मणरावांनी हेरले. याहून धाडसाची गोष्ट म्हणजे दरोड्याच्या मार्गास गेलेल्या तुकाराम रामोशी यांच्यासारख्यांना त्यांनी गावाच्या राखणीचे काम दिले. ज्यांच्यापासून लोक दारे बंद करून घेत, त्यांच्याच हाती गावाची सुरक्षा आली आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. आपल्या वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यासही लक्ष्मणरावांनी मनाई केली होती. ज्या काळात अनेक देवळांची आणि पाणवठ्यांची वाट काही बांधवांना बंद होती, त्या काळातील ही गोष्ट आहे, हे आपण भाविकांनी विशेषत्वाने ध्यानी घ्यावे.

उद्योगाचा विस्तार

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईनासे झाले. तेव्हा कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी संस्थानातील निकामी जुन्या तोफा दिल्या. रणांगणासाठी ओतलेले ते लोखंड वितळवून त्याचे नांगर झाले. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी नोंदविली गेली. त्याच वर्षी कारखान्याची वार्ता ग्राहकांपर्यंत पोहोचविण्यासाठी शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादकत्वाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ हे नामांकित मासिक घडले, तर ‘स्त्री’ (१९३०) आणि ‘मनोहर’ (१९३४) ही त्याची भावंडे होत.

नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडणारी यंत्रे आणि विहिरींवरील पंप वाडीत तयार होऊ लागले. शेतकऱ्याच्या एका गरजेतून दुसरे उत्पादन, असाच हा क्रम राहिला. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव १९२६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथून अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले आणि कार्यास नवे बळ मिळाले. १९४१ साली हरिहर येथे लेथ यंत्रांचा कारखाना आणि १९४६ साली पुण्यात तेल-इंजिनांचा व बंगळूरात विजेच्या मोटारींचा कारखाना, असा वटवृक्ष विस्तारला.

१९४८ सालच्या प्रारंभी गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखाना आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. लक्ष्मणराव त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. आयुष्याच्या संध्याकाळी आपली निर्मिती भस्म झालेली पाहणे हे केवढे दुःख! परंतु ज्या माळावर निवडुंगातून गाव उभे राहिले होते, तेथे राखेतूनही ते पुन्हा उभे राहिले आणि भट्ट्या पुन्हा पेटल्या.

दि. २६ सप्टेंबर १९५६ रोजी या कर्मयोग्याने इहलोकीची यात्रा संपविली. त्यांच्या जन्मशताब्दीदिनी, २० जून १९६९ रोजी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या सन्मानार्थ तिकीट काढले. बेळगावात त्यांचे दुकान जेथे होते, तो रस्ता आज किर्लोस्कर रोड या नावाने ओळखला जातो.

दान आणि साह्य योग्य समयी व योग्य हाती पडले तर त्याचे फळ किती पिढ्यांस मिळते, हे औंधच्या त्या ३२ एकरांनी आणि दहा हजार रुपयांनी दाखवून दिले आहे. देणाऱ्याने विश्वास ठेवला आणि घेणाऱ्याने तोच विश्वास पुढे आपल्याहून दुबळ्यांवर ठेवला. परतीच्या प्रवासात आगगाडी किर्लोस्करवाडीस थांबेल, तेव्हा भाविकांनी या उद्यमपुरुषाचे कृतज्ञतेने स्मरण करावे, ही नम्र विनंती.