चार्ल्स केटरिंग आणि इंजिनाची ठिणगी

वऱ्हाडांतील काळ्या रानांत डिझेलचे ट्रॅक्टर आतां नित्याचे झाले आहेत. त्यांस ठिणगी लागत नाहीं. परंतु पेट्रोलवर किंवा रॉकेलवर चालणारे जुने ट्रॅक्टर ठिणगीवांचून जागचे हालत नसत. ती ठिणगी बॅटरीपासून खात्रीनें मिळण्याची व्यवस्था ज्यांनीं व्यवहारांत आणिली, त्या केटरिंग ह्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

अमेरिकेंतील ओहायो राज्यांत, लाउडनव्हिलजवळच्या एका शेतावर, २९ ऑगस्ट १८७६ रोजीं त्यांचा जन्म झाला. दृष्टि अधू होती. कांहीं काळ त्यांनीं खेड्यांतील शाळेंत शिक्षकाचें काम केलें. पुढें विद्यापीठांत गेले, तों डोळ्यांनीं दगा दिला. तेव्हां ते टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळींत शिरले, आणि तेथें तारांची विद्या त्यांच्या हातीं आली. पुन्हां विद्यापीठांत परतून १९०४ सालीं त्यांनीं विद्युत्-अभियांत्रिकीची पदवी घेतली. तेव्हां अठ्ठाविसावें वर्ष चालू होतें. मुलाचें एक वर्ष वायां गेलें म्हणून हवालदिल होणाऱ्या पालकांनीं हें वय ध्यानांत ठेवावें.

डेटन येथें रोकडयंत्रांच्या कारखान्यांत असतां, एडवर्ड डीड्स ह्या स्नेह्याच्या कोठारांत रात्रीं त्यांचे प्रयोग चालत. फॅरेडेनें १८३१ सालीं दाखविलें होतें कीं, एकाच लोखंडावर दोन तारांचे वेढे घेऊन एकींतील प्रवाह एकाएकीं तोडिला, कीं दुसरींत क्षणभर प्रवाह उमटतो. दुसरीचे वेढे हजारों असले, तर सहा व्होल्टांच्या बॅटरीपासून हजारों व्होल्टांचा दाब मिळतो. हीच कॉइल. पूर्वींच्या कॉइली थरथरत अनेक ठिणग्या पाडीत व बॅटरी लवकर संपवीत. केटरिंग ह्यांनीं नेमक्या क्षणीं एकच जोरकस ठिणगी पाडण्याची योजना केली. १९१० च्या कॅडिलॅक मोटारींत ती बसविण्यांत आली. प्रवाह तोडणाऱ्या भागास आमच्याकडील मिस्त्री प्लॅटिन म्हणतात.

जुना ट्रॅक्टर जपणाऱ्यांची चूक बहुधा ह्याच कॉइलीशीं होते. तिच्या दोन लहान टोकांपैकीं एकास चावीकडून तार येते, दुसऱ्यापासून प्लॅटिनकडे जाते. बॅटरीचें ऋण टोक सांगाड्यास जोडलेलें असेल, तर कॉइलीचें ऋण टोक प्लॅटिनकडे न्यावें. कित्येक जुन्या विलायती यंत्रांत धन टोक सांगाड्यास असे, तेथें धन न्यावें. उलट जोडल्यास इंजिन बंद पडत नाहीं, म्हणूनच चूक लपून राहते. मात्र प्लगच्या तापलेल्या मधल्या टोकाऐवजीं बाहेरच्या, त्याहून थंड टोकापासून ठिणगी निघूं लागते. तिला अधिक दाब लागतो, आणि नांगर खोल गेला कीं इंजिन अडखळतें.

१९१२ सालीं त्यांचा विजेचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारींत आला. तोंपर्यंत हँडल उलटून माणसांचे हात मोडत असत. १९२० पासून १९४७ पर्यंत ते जनरल मोटर्सच्या संशोधनाचे प्रमुख होते.

ह्याच काळांतली एक गोष्ट आम्ही झांकून ठेवीत नाहीं. त्यांच्या हाताखालीं १९२१ सालीं पेट्रोलमध्यें शिशाचें संयुग मिसळण्याची युक्ति निघाली. इंजिनें ठोके देईनाशीं झालीं. पण शिसें हें विष आहे, आणि १९२४ सालीं तें तयार करणारे कामगार मेले. तरीहि केटरिंग ह्यांनीं त्या पेट्रोलचा पुरस्कारच केला. भारतांत तें २००० सालीं बंद झालें.

अल्फ्रेड स्लोन ह्यांच्यासह त्यांच्या नांवानें १९४५ सालीं न्यूयॉर्कमध्यें कर्करोगाच्या संशोधनाची संस्था निघाली. २५ नोव्हेंबर १९५८ रोजीं डेटनमध्यें ते वारले.